डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या आईचं 'कार्य' शून्य कसं? (आणि हे ठरवणारा कोरिओलिस)

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात नववीला 'कार्य आणि ऊर्जा' सुरू केलं. बल गुणिले बलाच्या दिशेतलं विस्थापन म्हणजे कार्य, हे सांगून नेहमीचं उदाहरण दिलं: हमाल डोक्यावर बोजा घेऊन सपाट प्लॅटफॉर्मवर चालतो, तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याचं कार्य शून्य.

मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात क्वचितच बोललेली, उभी राहिली. "बाई, माझी आई उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून तीन खेपा करते. सपाटीवर चालते तेवढा वेळ ती कामच करत नाही का?"

वर्ग एकदम गप्प. 'विज्ञानातलं कार्य वेगळं आणि व्यवहारातलं काम वेगळं' हे ठरलेलं उत्तर मी दिलं. ती बसली, पण पटलेलं दिसलं नाही. खरं तर मलाही पटलं नव्हतं. ही व्याख्या कुणीतरी, कुठल्यातरी गरजेपोटी केली असणार ना? म्हणून शोधायला बसले आणि एका माणसापाशी पोचले. गास्पार-ग्युस्ताव द कोरिओलिस. जन्म पॅरिसचा, २१ मे १७९२. वडील सोळाव्या लुईच्या सैन्यातले अधिकारी. क्रांतीत राजाचं डोकं उडाल्यावर कुटुंब नान्सीला गेलं आणि मुलगा तिथेच वाढला. १८०८ मध्ये एकोल पॉलिटेक्निक या पॅरिसच्या नामांकित अभियांत्रिकी विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत दुसरा आला. पुढे रस्ते आणि पुलांच्या सरकारी खात्यात इंजिनिअर झाला. वडील गेले, घराची जबाबदारी पडली, तब्येत आधीच नाजूक. म्हणून १८१६ पासून पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला.

१८२९ मध्ये त्याने यंत्रांच्या परिणामाचं गणित मांडणारं पुस्तक काढलं, आणि त्यात या राशीला 'त्रावाय' हे नाव दिलं. फ्रेंचमध्ये त्रावाय म्हणजे रोजचं काम, मजुरी, श्रम! म्हणजे शब्द त्याने व्यवहारातूनच उचलला होता. मग अर्थ इतका आक्रसला कसा? त्याला नेमकं काय मोजायचं होतं? आणि त्या मुलीला मी काय सांगू? जाणकारांनी लिहावं.

पन्हाळगड_७२

कोरिओलिस म्हणजे बेसिनमधलं पाणी आपल्याकडे एका बाजूने आणि ऑस्ट्रेलियात उलट्या बाजूने गोल फिरवणारा, तोच ना? त्याचा कार्याशी संबंध आहे हे आजच कळलं.

वारा_वाहे

माणूस तोच, पण बेसिनचं श्रेय त्याला देऊ नका. ३१ वर्षं हवामानाच्या नोंदी घेण्यात गेली माझी आणि हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच.

हिशेब करून बघा. मुंबईच्या अक्षांशावर बेसिनमधलं पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला मिळणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण वीस लाखांव्या भागाएवढं भरतं. भांड्याचा आकार, नळाची धार, बूच काढताना बसलेला हिसका, यातली कुठलीही गोष्ट त्याच्या हजारपट मोठी असते. म्हणून तुमच्या बेसिनमध्ये पाणी आज असं फिरेल, उद्या तसं.

परिणाम मात्र खोटा नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या शापिरो यांनी सहा फूट व्यासाच्या टाकीत पाणी भरलं, २४ तास अजिबात न हलवता ठेवलं आणि मग मधलं बूच हलकेच काढलं. बराच वेळ काही झालं नाही आणि मग पाणी घड्याळाच्या उलट फिरायला लागलं. तीन वर्षांनी सिडनीत तसाच प्रयोग झाला, तिथे घड्याळाच्या दिशेने फिरलं. एवढी काळजी घेतली तरच दिसतं ते.

पण अंतर शेकडो किलोमीटर आणि वेळ दिवसांत मोजायचा झाला, की हेच नगण्य बल सगळ्यांचा बाप होतं. आपला पाऊसच घ्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेला व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात. विषुववृत्त ओलांडलं की त्यांना उजवीकडे वळण मिळतं आणि तेच नैर्ऋत्येचे होऊन कोकणावर आणि गोव्यावर येतात. नैर्ऋत्य मोसमी वारे हे नाव शाळेत सगळ्यांनी पाठ केलं, पण ते नैर्ऋत्येचे का, हे फार थोड्यांना सांगितलं गेलं.

सागरतीर

+१ वारा_वाहे काका. माझं घर दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या उत्तरेला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. त्या दिवशीचा वारा अजून अंगात आहे. सकाळी वारा जमिनीकडून, आग्नेयेकडून येत होता. आजी म्हणाली, "समुद्राचं वादळ आणि वारा डोंगराकडून कसा?" मग तो दक्षिणेचा झाला आणि शेवटी समुद्रावरून नैर्ऋत्येचा. पोफळी एकीवर एक पडल्या. आम्ही दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो तर पडलेल्या झाडांचे शेंडे बहुतेक उत्तरेकडे आणि ईशान्येकडे.

तेव्हा काहीच उमगलं नव्हतं. नंतर कॉलेजातल्या भाच्याने कागदावर काढून दाखवलं. वादळ घड्याळाच्या उलट फिरतंय आणि नैर्ऋत्येकडून येऊन आपल्या पश्चिमेने वर सरकतंय, तर आपल्याला वारा याच क्रमाने लागणार. आजीला ते चित्र दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं.

वारा_वाहे

@सागरतीर, अगदी बरोबर क्रम. आणि अजून एक. विषुववृत्तावर हे वळण शून्य असतं, म्हणून साधारण पाच अंश अक्षांशाच्या आत चक्रीवादळं जवळपास होतच नाहीत. २००१ चं वामेई हा गाजलेला अपवाद, ते दीड अंशाच्या आसपास झालं होतं.

चिकित्सक_मी

थोडं विरोधी लिहितो. या सगळ्याला कोरिओलिसचं नाव देणं हाच अन्याय आहे. व्यापारी वाऱ्यांचा पृथ्वीच्या फिरण्याशी संबंध हॅडलीने १७३५ मध्ये लावला होता. भरती-ओहोटीच्या समीकरणांत हेच पद लाप्लासने १७७०च्या दशकात लिहिलेलं आहे, कोरिओलिस जन्मायच्या आधी. वातावरणाला ते नीट लावलं विल्यम फेरेल या अमेरिकन शाळामास्तराने, १८५६ मध्ये. कोरिओलिसने वाऱ्याबद्दल, समुद्राबद्दल, पृथ्वीबद्दल आपल्या १८३५ च्या निबंधात काही लिहिलेलं नाही. मग नाव त्याचं का?

लोखंडीपूल

@चिकित्सक_मी, तुमचे मुद्दे खरे आहेत, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी स्थापत्य अभियंता, नोकरी पुलांवरच झाली, त्यामुळे या मंडळींबद्दल जरा जास्त आपुलकी आहे.

कोरिओलिसला वाऱ्याचं पडलेलं नव्हतं हे बरोबर. त्याला पडलं होतं पाणचक्कीचं. त्या काळात फ्रान्समध्ये गिरण्या आणि कारखाने मोठ्या प्रमाणात पाण्याच्या चाकांवर चालत. चाक फिरतंय, त्याच्या पात्यांवरून पाणी सरकतंय, तर त्यातलं किती 'काम' चाकाला मिळालं आणि किती फुकट गेलं? जमिनीवर उभं राहून हे गणित करणं किचकट, म्हणून त्याने ठरवलं की चाकावर बसूनच करू. पण फिरत्या चाकावरून पाहिलं तर न्यूटनचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत, काही जादा बलं धरावी लागतात. १८३२ च्या निबंधात त्याने ऊर्जेचा हिशेब केला. १८३५ मध्ये पूर्ण समीकरणं दिली आणि त्यात नेहमीच्या केंद्रोत्सारी (बाहेर ढकलणाऱ्या) बलाखेरीजचं ते दुसरं बल वेगळं काढून दाखवलं. त्याने त्याला 'संयुक्त केंद्रोत्सारी बल' असं काहीसं नाव दिलं होतं. आपलं नाव त्याने दिलेलं नाही, ते विसाव्या शतकात चिकटलं.

ते बल म्हणजे काय, हे मी माझ्या मुलीला असं सांगितलं होतं. जत्रेतल्या फिरत्या चक्रीवर मधोमध उभी राहा आणि सरळ काठाकडे चालत जा. मध्याजवळ पायाखालची फळी हळू सरकते, काठाजवळ भरभर. तेव्हा बाहेर जाताना प्रत्येक पावलाला तुझा आडवा वेग वाढवावा लागतो, तो फळी तुला ढकलून देते. हे झालं अर्धं. दुसरं अर्धं असं की तू 'सरळ बाहेर' म्हणतेस ती दिशाच चक्रीबरोबर वळतेय, म्हणून तुझ्या चालण्याची दिशाही सतत वळवावी लागते. दोन्ही सारखेच भरतात, म्हणून सूत्रात २ येतो. भल्याभल्यांचा हा २ सुटतो. हॅडलीच्या मांडणीत वरचं पहिलं अर्धंच होतं. लाप्लासची पदं भरतीच्या गणितापुरती होती. हवं तसं हलणारं, फिरणारं कुठलंही यंत्र घ्या, त्याला लागू पडेल असा नियम म्हणून कोरिओलिसने ते मांडलं. माझ्या मते नाव योग्य माणसाला मिळालंय, फक्त वेगळ्या दाराने.

जाता जाता: १८३० च्या क्रांतीनंतर गणितज्ञ कोशीने नव्या राजाशी निष्ठेची शपथ नाकारली आणि तो देश सोडून गेला. त्याची पॉलिटेक्निकमधली जागा कोरिओलिसला देऊ केली होती. त्याने ती घेतली नाही, ती नावियेकडे गेली. हा नाविये द्रवगतीच्या समीकरणांतला प्रसिद्ध नाविये. त्याने पॅरिसमध्ये सेन नदीवर बांधायला घेतलेला झुलता पूल १८२६ मध्ये पुरा होता होताच तडे जाऊन उतरवावा लागला. एवढा मोठा माणूस, पण पूल उतरवलाच. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं. १८३६ मध्ये तो गेल्यावर पूल-रस्त्यांच्या शाळेतलं त्याचं अध्यापन आणि अकादमीतली जागा कोरिओलिसकडे आली.

मापात_माप

वाऱ्यावरून जमिनीवर आणतो. मी लोटे परशुराम भागात एका रसायनाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा 'कोरिओलिस' हा शब्द उच्चारला जातो आणि त्यातल्या निम्म्या लोकांना तो माणूस होता हे माहीत नाही.

कोरिओलिस मीटर, म्हणजे मास फ्लो मीटर. आत दोन वाकवलेल्या नळ्या असतात, त्या सतत कंप पावत ठेवतात. आतून द्रव वाहायला लागला की नळीची येणारी बाजू किंचित मागे राहते आणि जाणारी बाजू किंचित पुढे जाते. नळी पिळवटते. ती फट सेन्सर मोजतात आणि त्यावरून थेट वस्तुमान कळतं. साधं मीटर लिटर सांगतं. द्रव तापला की लिटर बदलतात, किलो बदलत नाहीत. पूर्वी मी जिथे होतो तिथे दुपारी भरलेला टँकर आणि पहाटे भरलेला टँकर यांच्या आकड्यांवरून रोज वाद. हे मीटर बसलं आणि वाद मिटले.

लोखंडीपूल सरांनी सांगितलेली चक्री आणि आमची नळी यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. पाणचक्कीसाठी केलेलं गणित आज पाइपातल्या द्रवाला लागतंय. कोरिओलिसला हे बघायला फार आवडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा_कोपरा

त्याच १८३५ साली याच माणसाने बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय, हे कुणी सांगितलं नाही? चेंडूला काठीने कडेला मारलं की तो वळत जातो ना, ती वाट अन्वस्त (पॅराबोला) असते आणि घसरणं थांबून चेंडू नुसता लोळायला लागला की तिथून पुढे सरळ रेषा, हे त्याने सिद्ध केलं. जास्तीत जास्त आडवी फिरकी द्यायची तर मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर मारायचं, हेही काढलं. खेळणाऱ्यांना हाताने ठाऊक असतंच, पण कागदावर पहिल्यांदा त्याने आणलं.

आपल्याकडेही या खेळाची मोठी परंपरा. विल्सन जोन्स जन्माने पुण्याचे. १९५८ मध्ये त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं, स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता.

पन्हाळगड_७२

कॅरमचा हिशेब त्याने केला असता तर आमच्या चाळीने त्याचा पुतळा उभारला असता!

तिसरा_कोपरा

@पन्हाळगड_७२, कॅरममध्ये स्ट्रायकर चपटा, तो शेवटपर्यंत घसरतच जातो, लोळत नाही. म्हणून चेंडूसारखा वळत नाही. तुमचं कॅरम बिलियर्ड्सपेक्षा सरळमार्गी आहे.

सेनकाठी

मी पॅरिसमध्ये राहते, बारा वर्षं झाली. आयफेल मनोऱ्यावर पहिल्या मजल्याच्या खालच्या पट्टीवर ७२ शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांची नावं कोरलेली आहेत, त्यात कोरिओलिस आहे. नाविये, कोशी, पोंसले हेही आहेत. आई-बाबा आले होते तेव्हा बाबांनी मान वर करून एकेक नाव वाचलं होतं.

दोन गोष्टी सांगते. एक, १८३८ मध्ये ड्युलाँ वारल्यावर कोरिओलिस पॉलिटेक्निकमध्ये अभ्यासक्रमाचा संचालक झाला. त्याने तिथे पिण्याच्या पाण्याची सोय केली आणि विद्यार्थी त्या पाण्याच्या नळांना 'कोरिओ' म्हणायला लागले. तो शब्द तिथल्या बोलीत टिकला. पाणचक्कीवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावाने मुलं पाणी पितात, हे मला त्याच्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट बोचणारी. त्या ७२ नावांत एकही बाई नाही. सोफी जर्मेन (१७७६–१८३१) याच काळातली, स्थितिस्थापकतेच्या गणितात तिचं काम पायाभूत. पॉलिटेक्निकमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ती पुरुषाच्या नावाने टिपणं मिळवून शिकली. ज्या मनोऱ्याला स्थितिस्थापकतेचं गणित लागलं, त्यावर तिचं नाव नाही. खडू_फळा ताईंच्या वर्गातला प्रश्न मला म्हणूनच लागला. कुणाचं काम मोजायचं हे ठरवणारे कोण होते?

चिकित्सक_मी

@सेनकाठी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. @लोखंडीपूल, तो २ चा मुद्दा मला नव्याने कळला. नावाबद्दलचा माझा विरोध बराच सौम्य झालाय, पूर्ण गेलेला नाही. :)

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फुकोचा लंबक आहे, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते तो; ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर बघा. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा पूर्ण फेरी घ्यायला सुमारे ७५ तास घेते, पॅरिसमध्ये ३२. फुकोने पाँतेऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर तारेला गोळा टांगून हे जगाला दाखवलं १८५१ मध्ये. कोरिओलिस १९ सप्टेंबर १८४३ लाच गेला, ५१ वर्षांचा. त्याच्या समीकरणातून पृथ्वी फिरताना दिसली, ती त्याला बघायला मिळाली नाही.

मापात_माप

मूळ प्रश्न मागे पडला का? बाईंना उत्तर द्या कुणीतरी.

लोखंडीपूल

माझ्या बाजूने प्रयत्न करतो. त्या काळच्या इंजिनिअरांपुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. एक गिरणीवाला म्हणतो माझ्या चाकाला इतके पैसे दे, दुसरा म्हणतो माझ्या घोड्यांना इतके. तुलना कशी करायची? घोडा किती दमला, याला एकक नाही. मग सगळ्यांना पटेल असं माप म्हणजे किती वजन किती उंच उचललं. या राशीला प्रत्येक जण वेगळं नाव देत होता, कुणी 'क्रियेचं परिमाण', कुणी 'यांत्रिक शक्ती'. कोरिओलिसने, आणि त्याच वेळी पोंसलेने, त्रावाय हे एक नाव धरलं आणि ते टिकलं.

गतिज ऊर्जेतला ½ सुद्धा तिथूनच आला. आधी लाइब्निट्सच्या काळापासून वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग एवढंच धरत. कोरिओलिस म्हणाला त्याचं अर्धं धरा, म्हणजे जेवढं कार्य केलं बरोब्बर तेवढीच ऊर्जा वाढली, दोन्ही खात्यांचा ताळा जुळतो.

त्याने एक एककही सुचवलं होतं, 'दिनामोद'. हजार किलो वजन एक मीटर उचलणं म्हणजे एक दिनामोद. ते चाललं नाही. पण बाई, तुमच्या वर्गासाठी ते फार छान आहे. दहा मीटर खोल आडातून दहा लिटरच्या दहा कळश्या शेंदल्या की बरोबर एक दिनामोद.

तेव्हा शून्य येतं ते बाईच्या कष्टाचं नव्हे, उचललेल्या पाण्याच्या उंचीत पडलेल्या फरकाचं.

नाडीपरीक्षा

लोखंडीपूल सरांना जोडून, डॉक्टर म्हणून लिहितो.

हंडा डोक्यावर धरून नुसतं उभं राहिलं तरी मानेचे, पाठीचे, पोटऱ्यांचे स्नायू सतत ताणलेले असतात. स्नायू टेबलासारखा निवांत वजन पेलू शकत नाही. आतले तंतू पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात आणि प्रत्येक वेळी इंधन जळतं. चालताना तर प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर-खाली होतं, वेग कमी-जास्त होतो. म्हणजे हंड्याच्या प्रवासात शेवटी शून्य उरलं तरी शरीराच्या आत पेशीपेशीत कार्य चाललेलंच असतं, अगदी भौतिकशास्त्राच्या व्याख्येतलं कार्य.

१९८६ मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर घेऊन चालताना त्यांचा प्राणवायूचा खर्च वाढलाच नाही. त्याहून जड झालं की मात्र वाढायला लागला. हे शरीराने लहानपणापासून कमावलेलं कसब आहे. ५० किलोच्या बाईला २० टक्के म्हणजे १० किलो. आपल्याकडचा भरलेला हंडा बहुधा त्याहून जडच असतो.

आणि एक जुनं नाव: कुलोम. विजेतला कुलोम तोच, पण तोही लष्करी इंजिनिअर. त्याने माणसाच्या रोजच्या कामावर निबंध लिहिला होता आणि त्यात झालेलं काम वेगळं, आलेला थकवा वेगळा, असं स्पष्ट धरलं होतं. हा फरक त्या मंडळींना ठाऊक होता. आपल्या पाठापर्यंत येता येता थकव्याचं खातं गळून पडलं.

सागरतीर

थकव्याचं खातं. _/\_ आजीला वाचून दाखवणार हे.

खडू_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहायला वेळ मिळाला नाही, कारण हे सगळं वर्गात नेलं.

आधी फळ्यावर दोन खाती मांडली: 'पाण्याला काय मिळालं' आणि 'आईचं काय खर्च झालं'. पहिल्याला कोरिओलिसची व्याख्या, दुसऱ्याला नाडीपरीक्षांनी सांगितलेले स्नायू. मुलांना दोन्ही एका दमात समजली. इतकी वर्षं मी एकच खातं शिकवत होते.

मग शाळेच्या विहिरीवर गेलो. दोराला दर मीटरवर गाठ मारून पाणी किती खोल आहे ते मोजलं: आठ मीटर. बादली दहा लिटरची. एका बादलीला ८० किलो-मीटर, म्हणजे साडेबारा बादल्यांना एक दिनामोद. मुलांनी आळीपाळीने बारा शेंदल्या आणि तेराव्या अर्ध्या बादलीला मोठा आरडाओरडा झाला. हा शब्द आता शाळेत सगळीकडे ऐकू येतोय, सातवीची मुलंसुद्धा म्हणतात.

ती मुलगी त्या दिवशी गप्प होती. काल वही घेऊन आली. खालच्या विहिरीपासून घरापर्यंतच्या पायऱ्या तिने मोजल्या होत्या: ११२, प्रत्येकीची उंची पट्टीने मोजून सरासरी १८ सेंटिमीटर. म्हणजे वीस मीटरच्या वर चढ. हंडा १५ लिटरचा, कळशी आठची. आईचं स्वतःचं वजन धरायचं की नाही, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तूच ठरव. तिने दोन्ही उत्तरं काढली. नुसतं पाणी धरलं तर तीन खेपांना जवळपास १.४ दिनामोद. आई धरली तर साडेचार.

खाली तिने लिहिलंय: "सपाटीचं अजून मोजता आलं नाही."

लोखंडीपूल

बाई, त्या वहीच्या पानाचा फोटो जपून ठेवा. सपाटीसाठी एक सुचवतो: खेपेआधी आणि खेपेनंतर आईची नाडी एक मिनिट मोजायला सांगा. रिकाम्या हंड्याने एकदा आणि भरलेल्या हंड्याने एकदा. @नाडीपरीक्षा, बरोबर ना?

नाडीपरीक्षा

बरोबर. दोन्ही वेळा चालण्याचा वेग सारखा ठेवा आणि मध्ये दहा मिनिटं बसू द्या. आकडे आले की इथे लिहा, मी बघतो.